परीस आणि कारकून : ‘परश पाथर’चे पुनर्वाचन

१

थोर दिग्दर्शकांच्या चरित्रग्रंथांत काही चित्रपट नेहमी दोन मोठ्या प्रकरणांच्या मधल्या जागेत उल्लेखिले जातात. सत्यजित राय यांचा ‘परश पाथर’ (१९५८) हा असा एक चित्रपट आहे. ‘अपराजितो’ (१९५६) आणि ‘जलसाघर’ (१९५८) यांच्यामधला विसावा, गंभीर कलावंताने घेतलेली हलकीफुलकी सुटी, अशा शब्दांत त्याची बोळवण करण्याची प्रथा पडून गेली आहे. ज्यांनी त्याची थोडी अधिक दखल घेतली, त्यांनीही तुलसी चक्रवर्ती यांच्या अभिनयाचे कौतुक करून आणि कथेची बांधणी उत्तरार्धात सैलावते असा आक्षेप नोंदवून विषय संपविला. हे कौतुकही खरे आहे आणि तो आक्षेपही. परंतु या दोहोंच्या पलीकडे या चित्रपटाला जे म्हणायचे आहे, त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. विनोद हा विचाराचा एक प्रकार असू शकतो हे आपण तत्त्वतः मान्य करतो. मात्र इतिहास लिहिताना विनोदी कृतीला विचाराच्या इतिहासात जागा देत नाही. ‘परश पाथर’च्या उपेक्षेचे मूळ या सवयीत आहे.

या चित्रपटाच्या निर्मितीची हकीकत त्या सवयीला पोषक ठरली. ‘अपराजितो’ला १९५७ साली व्हेनिस येथे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, परंतु कलकत्त्याच्या प्रेक्षकांनी त्याकडे पाठ फिरविली होती. अपूच्या कथेचा तिसरा भाग लांबणीवर टाकून राय ‘जलसाघर’कडे वळले. त्यातील जमीनदाराची भूमिका करणारे छबी विश्वास ‘काबुलीवाला’च्या निमित्ताने बर्लिनच्या महोत्सवाला गेले आणि चित्रीकरण थांबले. त्या मोकळ्या काळात ‘परश पाथर’ घडला आणि जानेवारी १९५८ मध्ये, म्हणजे ‘जलसाघर’च्याही आधी, प्रदर्शित झाला. त्याच वर्षी तो कान महोत्सवाच्या स्पर्धा विभागात होता. तेथे जमलेल्या समीक्षकांची अपेक्षा मात्र ‘पथेर पांचाली’च्या कवीकडून होती. त्यांना खेडे, पाऊस आणि मृत्यू हवा होता. समोर आला तो शहरातला एक टकला, गुबगुबीत, घाबरट कारकून.

२

चित्रपटाची मूळ कथा ‘परशुराम’ यांची. या टोपणनावाने लिहिणारे राजशेखर बसू (१८८०–१९६०) हे व्यवसायाने रसायनज्ञ होते. प्रफुल्लचंद्र राय यांनी स्थापन केलेल्या ‘बेंगॉल केमिकल’ या कारखान्याच्या उभारणीत त्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे गेली. ‘चलन्तिका’ हा बंगाली शब्दकोश त्यांनी रचिला. रामायण-महाभारताची संक्षिप्त बंगाली रूपांतरे केली. रसायनशाळा, शब्दकोश आणि पुराणे या तीन ठिकाणी वावरणाऱ्या माणसाने परिसाची गोष्ट लिहावी, यात एक मौज आहे. लोखंडाचे सोने होणे हे रसायनज्ञाला अशक्य, पुराणिकाला सहज आणि कोशकाराला केवळ एक नोंद. परशुरामांची विनोददृष्टी या तिन्ही भूमिका एकाच वेळी घेते. चमत्कार घडला की नाही, या प्रश्नात ते रमत नाहीत. तो घडला असे धरून चालतात आणि मग भोवतीच्या जगाचे काय होते, ते प्रयोगवहीत नोंदी कराव्यात तशा थंडपणाने पाहतात. राय यांनी पुढे १९६५ साली ‘महापुरुष’साठी पुन्हा परशुरामांचीच कथा निवडली, हे लक्षात घेतले म्हणजे ‘परश पाथर’ची निवड केवळ फावल्या वेळेची नव्हती हे स्पष्ट होते.

कथासूत्र थोडक्यात असे. परेशचंद्र दत्त हा बँकेतला कारकून. नोकरी जाणार असल्याचे त्याला कळते, त्याच दिवशी कर्झन पार्कमध्ये पावसात अडकलेला असताना त्याला एक गोटीसारखा दगड सापडतो. तो शेजारच्या मुलाला खेळायला देतो आणि मुलाच्या खेळण्यातला शिपाई सोन्याचा होतो. परेशबाबू युक्तीने दगड परत मिळवितात. भंगारातले तोफगोळे सोन्याचे होतात. घर, मोटार, नोकर, खासगी चिटणीस, सभा-समारंभांची अध्यक्षपदे ओघाने येतात. एका धनिकाच्या मेजवानीत मद्याच्या अमलाखाली ते आपले रहस्य उघड करतात. बातमी पसरते, सोन्याचा भाव कोसळतो, शहरात हाहाकार उडतो. परेशबाबू पत्नीसह पळू पाहतात आणि पोलिसांच्या हाती सापडतात. इकडे चिटणीस प्रियतोष हेन्री विश्वास प्रेमभंगाच्या भरात तो दगडच गिळून टाकतो. क्ष-किरण छायाचित्रांत दगड विरघळताना दिसतो. तरुणाचे जठर तो पचवून टाकते आणि जगातले ते सारे नवे सोने पुन्हा लोखंड होते.

३

परिसाची कथा आपल्याला नवी नाही. आणि या चित्रपटाचे वेगळेपण जाणण्यासाठी मराठी वाचकाजवळ एक उत्तम साधन आहे. महिपतींच्या ‘भक्तविजया’ने घरोघर पोचविलेली परिसा भागवताची कथा आठवावी. परिसा भागवताच्या घरी रुक्मिणीने दिलेला परीस असतो. त्याच्या पत्नीकडून तो नामदेवांच्या राजाईच्या हाती येतो. घरातले दैन्य क्षणभर फिटते. परंतु नामदेव घरी येताच तो परीस चंद्रभागेत फेकून देतात. परिसा भागवत आक्रोश करू लागतो, तेव्हा नामदेव पाण्यातून ओंजळभर खडे काढून दाखवितात आणि ते सगळेच परीस ठरतात.

बंगालमध्येही या कथेचे भावंड आहे. वृंदावनवासी सनातन गोस्वामींना लाभलेला परीस एका दरिद्री ब्राह्मणाला मिळतो आणि सनातनांची त्याविषयीची उदासीनता पाहून तो ब्राह्मणच तो यमुनेत टाकतो. रवींद्रनाथांनी ‘स्पर्शमणि’ या कवितेत ही कथा सांगितली आहे. त्याआधी ‘सोनार तरी’ (१८९४) या संग्रहातील ‘परशपाथर’ या कवितेत त्यांनी निराळेच रूपक योजिले होते. समुद्रकिनारी परीस शोधणाऱ्या वेड्याची लोखंडी साखळी सोन्याची झालेली असते. पण कोणत्या दगडाच्या स्पर्शाने झाली हे त्याला कळलेले नसते, म्हणून तो आला त्या वाटेने पुन्हा शोधत निघतो.

अशा प्रकारे परंपरेने परिसाशी वागण्याच्या दोन रीती आपल्यासमोर ठेवल्या. संत तो फेकून देतो. साधक तो गमावतो आणि शोधत राहतो. पहिल्या रीतीच्या मुळाशी सोन्याहून मोठे असे काहीतरी हाती असल्याचा निर्धार आहे, दुसरीच्या मुळाशी त्या मोठ्या गोष्टीची अतृप्त ओढ. परेशबाबूंजवळ यांपैकी काहीच नाही. त्यांच्यामागे विठ्ठल नाही, समोर समुद्र नाही. आहे ती बडतर्फीची टांगती तलवार, भाड्याचे घर आणि वय झालेली पत्नी. अशा माणसाला ‘परीस फेकून दे’ असे सांगणे हा संतांच्या बोधाचा क्रूर उपयोग ठरेल. राय तो करीत नाहीत. त्यांनी परशुरामांकडून तिसरा मार्ग स्वीकारला : परीस पचविला जातो. येथे कोणाचा वैराग्यविजय होत नाही, कोणाला साक्षात्कारही होत नाही. मानवी देहाची एक अतिसामान्य क्रिया अलौकिकाचा निकाल लावते.

मिखाईल बाख्तीन यांनी राब्लेच्या संदर्भात मांडलेला विचार येथे आठवल्यावाचून राहत नाही. लोकहास्याची परंपरा उच्च, पवित्र आणि अमूर्त गोष्टींना खाली आणते. त्यांना तोंड, पोट, पचन यांच्या पातळीवर उतरवून नव्याने मानवी करते. प्रियतोषचे जठर हे त्या परंपरेचे जठर आहे. विशेष म्हणजे या पचनाची साक्ष देण्यासाठी आधुनिक वैद्यक आपले क्ष-किरण यंत्र घेऊन हजर होते. पुराण, विज्ञान आणि पोट यांची ही एकत्र बैठक रसायनज्ञ परशुरामांनाच सुचावी अशी आहे.

४

तथापि चित्रपटाचा खरा विषय परीस नव्हे, प्रतिष्ठा हा आहे. टॅक्सीतला प्रवास या दृष्टीने पुन्हा पाहावा. हाती सोने आल्यावर परेशबाबू कलकत्त्याच्या रस्त्यांवरून जातात तेव्हा ब्रिटिश अधिकाऱ्यांचे पुतळे त्यांच्या नजरेसमोरून सरकतात आणि त्यांच्या दिवास्वप्नात त्यांचा स्वतःचा पुतळा उभा राहतो. स्वातंत्र्य मिळून दहा वर्षे झालेली होती. तरीही थोर होणे म्हणजे चौथऱ्यावर चढणे, ही कल्पना साहेबाने मागे ठेवलेली होती. हे पुतळे पुढे १९६९ च्या सुमारास शहराच्या चौकांतून हलविण्यात आले, त्यामुळे आज हा प्रसंग एक दस्तऐवजही झाला आहे. त्यातच सोने निर्माण होते ते तोफगोळ्यांतून. साम्राज्याचा गंजलेला दारूगोळा नव्या राष्ट्रातल्या कारकुनाच्या हाती येऊन नवश्रीमंतीचे भांडवल होतो. राय यांनी हे कोठेही शब्दांत सांगितलेले नाही. भंगाराच्या ढिगावर कॅमेरा थोडा वेळ थांबतो, तेवढेच.

पैसा मिळाल्यावर परेशबाबू काय करतात, हेही पाहण्यासारखे आहे. ते भोगाच्या मागे लागत नाहीत. डोक्यावर पांढरी टोपी चढवून सभा-समारंभांना जाऊ लागतात, हार घालून घेतात, भाषणे करतात. आयुष्यभर ज्याचे कोणी ऐकले नाही, त्याला ऐकणारे हवे आहेत. या ठिकाणी तत्कालीन पुढारीपणाची जी खिल्ली उडविली आहे ती बोचरी असली, तरी तिचा रोख परेशबाबूंवर नसून त्यांना अशी स्वप्ने पुरविणाऱ्या समाजावर आहे.

मेजवानीचा प्रसंग हा चित्रपटाचा मध्यबिंदू होय. शहरातले धनिक, त्यांच्या हातांतील पेले, तुटक इंग्रजाळलेली बोलणी आणि या सगळ्यांत कोणाशी काय बोलावे हे न कळून अवघडलेले परेशबाबू. बंगाली पडद्यावरचे अनेक नामवंत नट या प्रसंगात पाहुणे म्हणून क्षणभर दिसतात; छबी विश्वासही त्यांत आहेत. ही केवळ गंमत नाही. बंगाली चित्रपटाचे सगळे ‘नायक’ येथे एका बाजूला उभे आहेत आणि आजवर त्यांच्या चित्रपटांत नोकर, मेसवाला, शिक्षक अशा किरकोळ भूमिका करणारा नट पहिल्यांदाच मध्यभागी आला आहे. कथेतली सामाजिक उतरंड आणि चित्रपटव्यवसायातली उतरंड एकाच चौकटीत येतात. दोन्हींकडे तो आगंतुकच आहे.

नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत : स्मित आणि हसित हे उत्तम प्रकृतीचे, विहसित आणि उपहसित मध्यम प्रकृतीचे, अपहसित आणि अतिहसित अधम प्रकृतीचे. मेजवानीत या श्रेणीची उलथापालथ झालेली दिसते. समाजाने ज्यांना उत्तम ठरविले, त्यांच्या वाट्याला कुत्सित उपहास आणि पुढे लोभाने फाटलेले हास्य येते. परेशबाबूंच्या चेहऱ्यावर मात्र अपमानाच्या क्षणापर्यंत ते ओशाळे स्मितच राहते. मद्य चढल्यावर ते बेताल होतात, हे खरे. परंतु लोखंडी मूर्तीचे सोने करून दाखविण्याचा त्यांचा आततायीपणा हा शेखीमिरवणुकीपेक्षा ‘मला बाहेर काढू नका’ अशा विनवणीचा अधिक आहे. हास्यातून करुणाची वाट निघते ती येथे.

तुलसी चक्रवर्ती (१८९९–१९६१) यांच्या अभिनयाविषयी आजवर बरेच लिहिले गेले आहे, म्हणून एकच निरीक्षण नोंदवितो. ‘पथेर पांचाली’त एका हाताने वाणसामान तोलत दुसऱ्या हाताने शाळा चालविणारा पंतोजी त्यांनी उभा केला होता. तेथे त्यांचे बटबटीत डोळे धाक घालीत होते. ‘परश पाथर’मध्ये तेच डोळे धाक खातात. परीस हाती आल्यावर आनंदाच्या आधी त्या डोळ्यांत भीती उमटते. आजवर आपल्या वाट्याला आलेली प्रत्येक चांगली गोष्ट कोणीतरी परत मागितली आहे, असा अनुभव असलेल्या माणसाची ती भीती आहे. सबंध चित्रपटाचा तोल या भीतीवर उभा आहे. ती नसती तर हा केवळ हावरटपणाचा प्रहसनपट झाला असता.

५

‘परश पाथर’ आणि ‘जलसाघर’ ही एकाच काळाची अपत्ये आहेत. तरी त्यांना शेजारी ठेवून क्वचितच वाचले गेले. दोन्ही चित्रपट संपत्तीच्या अंताविषयी आहेत. ‘जलसाघर’मधला विश्वंभर राय शेवटच्या मोहरा नर्तकीला बहाल करतो आणि त्या क्षणी नवश्रीमंत महिम गांगुलीवर मात केल्याचे समाधान मिळवितो. त्याचे सोने संपते तेव्हा तोही संपतो, कारण सोन्यावाचून त्याला ‘मी’ नाही. परेशबाबूंचे सोने जाते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव येतो. सोने येण्यापूर्वीही ते कोणीतरी होते. पतीवर जीव असणारी आणि या अकल्पित ऐश्वर्याने धास्तावलेली पत्नी गिरिबाला त्यांच्याजवळ होती. ‘जलसाघर’ला रसिकांनी शोकात्मिकेचा मान दिला आणि ‘परश पाथर’ला विसाव्याचा. पण माणूस आपल्या संपत्तीहून वेगळा उरतो का, हा प्रश्न दोन्हींकडे सारखाच आहे आणि त्याला होकारार्थी उत्तर देण्याचे धैर्य विनोदी चित्रपटात आहे.

सोन्याचा भाव कोसळतो तो भागही या प्रकाशात वाचला पाहिजे. बाजारात नवे सोने प्रत्यक्ष कितीसे आले? काही तोफगोळे, काही वस्तू. कोसळतो तो भाव बातमीने. सोन्याचे मोल त्याच्या दुर्मिळतेवरील सामूहिक श्रद्धेत आहे आणि ती श्रद्धा एका अफवेने मोडते, हे येथे एखाद्या अर्थशास्त्रीय प्रमेयासारखे सिद्ध होते. सहा-सात वर्षे आधी, १९५१ साली, अलेक्झांडर मॅकेंड्रिक यांच्या ‘द मॅन इन द व्हाइट सूट’ या इंग्रजी विनोदी चित्रपटात कधीच न झिजणाऱ्या कापडाने गिरणीमालक आणि कामगार या दोघांनाही सारखेच घाबरविले होते. अखेरीस ते कापडही विरून जाते. दोन्ही कृतींतली जाण एकच आहे : परिपूर्ण वस्तूला बाजारात जागा नसते. मात्र इंग्रजी चित्रपटाचा नायक शास्त्रज्ञ आहे, तो पुन्हा प्रयोगाला लागेल. भारतीय नायक कारकून आहे, तो घरी जाईल. आणि घरोघरी सोने हाच विमा असलेल्या आपल्या समाजात ही गोष्ट थट्टेवारी नेण्याजोगी नव्हती, याचा प्रत्यय १९६३ मध्ये आला. सुवर्णनियंत्रणाच्या नियमांनी चौदा कॅरटहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास बंदी केली आणि कित्येक सोनारांच्या शेगड्या विझल्या. सोन्याचे मोल आणि माणसाची भाकरी यांचा संबंध किती नाजूक असतो, हे विनोदी चित्रपटाने आधीच सुचवून ठेवले होते.

६

या चित्रपटातील दोष झाकण्याचे कारण नाही. पोलीसचौकीतला भाग लांबला आहे. प्रियतोषची प्रेमकथा जवळजवळ दूरध्वनीवरच उरकली जाते, त्यामुळे दगड गिळण्याच्या त्याच्या कृतीमागे भावनेचे पुरेसे बळ उभे राहत नाही. धनिक काचालूचे चित्रण व्यापारी माणसाविषयीच्या बंगाली मध्यमवर्गीय पूर्वग्रहांवर विसंबते. ज्या सहृदयतेने कारकून पाहिला, तिचा अंशही त्याच्या वाट्याला येत नाही. वास्तव, अद्भुत, प्रहसन आणि उपहास यांच्या सीमा राय अनेकदा इतक्या भराभर ओलांडतात की प्रेक्षकाचा सूर चुकतो. पण हे सूर-मिश्रण टाळून ही गोष्ट सांगता आली असती, असे वाटत नाही. कचेरीतून सुटलेल्या गर्दीत, पावसात भिजलेल्या बागेत, सुब्रत मित्रांच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या खऱ्याखुऱ्या कलकत्त्यात चमत्कार घडतो म्हणूनच तो हसवितो. अद्भुताला स्वतःचे वेगळे जग दिले असते तर ती परीकथा झाली असती आणि कारकुनाचे दुःख तिच्यात विरघळून गेले असते.

१९५८ हेच वर्ष मराठी वाचकाला आणखी एका कारणाने परिचित आहे. त्या वर्षी पु. ल. देशपांडे यांचे ‘बटाट्याची चाळ’ पुस्तकरूपाने आले. त्याआधी चिं. वि. जोशी यांनी चिमणरावाच्या रूपाने कारकुनाला मराठी विनोदाचे नायकपद दिलेच होते. कलकत्ता आणि मुंबई या दोन वसाहतकालीन महानगरांनी कारकुनांचा एक विशाल वर्ग निर्माण केला आणि दोन्ही भाषांतील विनोदाने त्याला हसत हसत माणूसपण बहाल केले. मराठीत या कामगिरीची नोंद साहित्याच्या इतिहासाने आदराने घेतली. चित्रपटाच्या इतिहासाने ‘परश पाथर’च्या बाबतीत ती घेतली नाही, कारण तेथे महानतेचे माप ‘पथेर पांचाली’ने आधीच ठरवून टाकले होते.

नामदेवांच्या कथेच्या अखेरीस नदीतले सगळेच खडे परीस होतात, म्हणजे परिसाचे अप्रूपच संपते. ‘परश पाथर’च्या अखेरीस सगळे सोने लोखंड होते, म्हणजे सोन्याचे भय संपते. एकात भक्तीने जग मौल्यवान केले, दुसऱ्यात पचनाने ते पूर्ववत केले. कारकुनाला इतकेच हवे असते. नोकरी गेलेली आहे, उद्याची विवंचना तशीच आहे. पण परेशबाबू बाहेर पडतात ते हलके होऊन, आपल्या माणसांसह. संतकथेने दिलेला दिलासा आणि या चित्रपटाने दिलेला दिलासा यांची प्रत वेगळी आहे. दुसऱ्याची प्रत कमी आहे असे मात्र म्हणवत नाही.